मोतीबिंदू पिकण्याची गोष्ट



मंडळाच्या कार्यक्रमात माझे नाव पुकारताना कुणीतरी हौसेने "डॉक्टर" लावते आणि मग चहाच्या टेबलापाशी माझी पंचाईत होते. माझी डॉक्टरकी रसायनशास्त्रातली. थर्मामीटर सोडला तर औषधोपचाराशी माझा संबंध नाही. पण आपल्या ज्येष्ठ मंडळींना ते पटत नाही. कोजागरीच्या रात्री आटवलेले दूध वाटता वाटता एका काकांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "अगं, हल्ली समोरून गाडी आली की दिव्यांची नुसती फुलबाजी दिसते. मोतीबिंदू आहे म्हणे. पण अजून पिकला नाही. पिकला की बघू." शेजारच्या मावशी म्हणाल्या, "माझाही कच्चाच आहे." तिसऱ्या आजींनी तर हिशोबच सांगितला: दोन्ही डोळ्यांचा एकदम पिकला की पुण्याला जाऊन करून यायचे.

एकाच टेबलावर तीन माणसे एका फळाची वाट पाहत होती. हा "पिकला" शब्द आला कुठून? मोतीबिंदू खरोखर पिकतो का, आणि पिकेपर्यंत थांबा असे पहिल्यांदा कुणी सांगितले? घरी येऊन वाचायला लागले आणि त्याचाच हा लेख झाला. मी नेत्रतज्ज्ञ नाही, हे पुन्हा एकदा सांगते. हा लेख इतिहासाचा आहे, उपचाराचा नाही. पण हा इतिहास कळला असता तर आमच्या घरातली एक गोष्ट टळली असती, म्हणून लिहिते. ती गोष्ट पुढे येईलच.

सुरुवात सुश्रुतापासून करायला हवी, आणि हा उगाच अभिमानाचा भाग नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांच्या रोगांवर अनेक अध्याय आहेत. दृष्टी मंदावण्याच्या पायऱ्या तिथे तिमिर, काच आणि लिंगनाश अशा नावांनी येतात, आणि कफज लिंगनाशावर शस्त्रकर्म सांगितले आहे. रोग्याला बसवायचे, नाकाच्या शेंड्याकडे बघायला सांगायचे आणि जवाच्या दाण्यासारख्या टोकाच्या शलाकेने डोळ्याच्या बाजूने वेध घ्यायचा. यात मोतीबिंदू काढत नसत. गढूळ झालेले भिंग बाहुलीच्या मागून ढकलून डोळ्याच्या आत खाली पाडत असत. पडदा बाजूला झाला की उजेड आत येई. पण तुटलेले भिंग आतच राही, डोळा सुजे, पू होई, आणि कित्येकांची उरलीसुरली नजरही जाई. तरीही ही पद्धत शेकडो वर्षे टिकली. गावोगाव हिंडणारे लोक ती करत, आणि डोळा बिघडायच्या आत पुढचे गाव गाठत.

मध्ये एक मराठी मुक्काम आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तंजावरचे सरफोजीराजे (दुसरे) हे व्यंकोजीराजांच्या गादीवरचे. त्यांनी १७९८ ते १८३२ राज्य केले, म्हणजे नावापुरते, कारण सत्ता कंपनी सरकारच्या हाती गेली होती. मोकळा झालेला वेळ राजांनी ग्रंथ, संगीत आणि वैद्यक यांत घातला. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी आणि विलायती दोन्ही वैद्यक चाले. सरस्वती महाल ग्रंथालयात १८२७च्या सुमाराची डोळ्यांच्या रुग्णांची टिपणे आजही आहेत आणि त्यांत डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. रोगी आला तेव्हा डोळा कसा होता आणि उपचार काय केला, हे लिहून ठेवायचे! राजे स्वतः शस्त्र चालवत की शेजारी उभे राहून पाहत, यावर अभ्यासकांनी वाद घालावा. मला नोंदवहीचेच जास्त अप्रूप वाटते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला नोंदवही ठेवणारा राजा आपला वाटतो.

तोवर युरोपात एक मोठा बदल झाला होता. फ्रान्समधल्या झाक दाव्हिएल या शल्यकाने १७४७ साली भिंग आत ढकलण्याऐवजी बाहेर काढून दाखवले, आणि १७५३ साली ती पद्धत छापून प्रसिद्ध झाली. आपला "पिकण्याचा" प्रश्न खरा इथे उभा राहतो.

डोळ्याचे भिंग एका पातळ पिशवीत असते. मध्ये घट्ट गर, भोवती मऊ गर. मोतीबिंदू अर्धवट असताना पिशवी फोडून भिंग काढायला गेले, तर मऊ गर चिकटून मागे राही. कच्चा आंबा सोलताना कोय आणि गर वेगळे होत नाहीत, तसे. मागे राहिलेल्या गराने डोळा सुजे आणि पुन्हा पडदा धरे. पूर्ण पांढरा झालेला मोतीबिंदू मात्र पिकलेल्या आंब्याच्या कोयीसारखा सुटून येई. म्हणून शल्यक म्हणत, पिकू द्या. त्या काळी ते शंभर टक्के शहाणपणाचे होते. सूक्ष्मदर्शक नाही, धड भूल नाही, केसापेक्षा बारीक टाके नाहीत.

पुढे पिशवीसकट अख्खे भिंग काढण्याची पद्धत आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जालंधरला हेन्री स्मिथ नावाच्या लष्करी डॉक्टरांनी अशा हजारो शस्त्रक्रिया केल्या आणि त्या बघायला परदेशातून डॉक्टर येत. आता गर मागे राहण्याची भीती गेली. मग तरी "पिकू द्या" संपायला हवे होते. पण संपले नाही, कारण दुसरे कारण उभे राहिले आणि ते आपण सगळ्यांनी घरात पाहिलेले आहे.

माझ्या आजीची थोरली बहीण आठवते. आमच्या लहानपणी तिच्या नाकावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा असे. भिंग काढून टाकले की डोळ्याची बरीचशी ताकद जाते, ती भरून काढायला सुमारे दहा नंबरचा जाड चष्मा लागतो. त्यातून वस्तू पाव पटीहून मोठ्या दिसतात. एका डोळ्याने मोठे आणि दुसऱ्याने नेहमीएवढे दिसले तर मेंदूला दोन चित्रे जुळवता येत नाहीत. मावशीआजी पायरी समजून हवेत पाऊल टाकायची आणि कपात ओतलेला चहा बशीच्या बाहेर जायचा. मग एक डोळा बरा असताना दुसऱ्याचे ऑपरेशन करून उपयोग काय? दोन्ही डोळे पुरेसे गेले की मगच करायचे, हा सल्ला पुन्हा बरोबरच होता. त्यात ऑपरेशननंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून दिवसच्या दिवस न हलता पडून राहायचे. खोकलासुद्धा दाबायचा. असले दिव्य कोण हौसेने लवकर करील?

हे सगळे बदलले ते एका प्लॅस्टिकमुळे. आता थोडी माझ्या विषयात शिरते, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

१९४०च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडवर हवाई लढाई चालू होती. गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या विमानाचे पारदर्शक छत गोळ्यांनी फुटून त्याचे कण त्याच्या दोन्ही डोळ्यांत गेले. हे छत काचेचे नव्हते, पर्स्पेक्सचे होते, म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटचे. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत हॅरॉल्ड रिडली हे नेत्रशल्यक होते. डोळ्यात बाहेरची वस्तू राहिली तर डोळा पेटून उठतो, हा तोवरचा अनुभव. पण क्लीव्हरसारख्या वैमानिकांच्या डोळ्यांत हे कण वर्षानुवर्षे निमूट पडून होते. पुढे एका विद्यार्थ्याने मोतीबिंदूचे ऑपरेशन पाहून रिडलींना विचारले, "भिंग काढलेत, पण त्या जागी दुसरे का बसवत नाही?" विद्यार्थ्याचा भाबडा प्रश्न शिक्षकाच्या डोक्यात किती वर्षे मुरलेल्या विचाराला वाट करून देतो, हे मीही शिकवताना पाहिले आहे.

रिडलींनी त्याच प्लॅस्टिकचे भिंग करायचे ठरवले. यात रसायनशास्त्र कुठे येते, तर बाजारी पर्स्पेक्समध्ये. साखळीत न जोडलेले मूळ रेणू आणि इतर भेसळ त्यात शिल्लक असते आणि ती हळूहळू पाझरून डोळ्याला इजा करू शकते. म्हणून कारखान्याने या कामापुरते जास्त शुद्ध पर्स्पेक्स बनवून दिले. पाण्यात उकळून ते निर्जंतुक करायची सोय नाही, कारण साधारण शंभर अंशांच्या पुढे ते मऊ पडून आकार सोडते. पण त्याचे गुणही पाहा. काचेची घनता २.५च्या आसपास, याची १.१९, म्हणजे निम्म्याहून हलके. प्रकाश वाकवण्याचा अंक १.४९, आपल्या नैसर्गिक भिंगापेक्षा थोडा जास्तच, त्यामुळे बारीक तुकड्यात काम भागते.

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिल्या रुग्णाची शस्त्रक्रिया झाली. कृत्रिम भिंग कायमचे बसले ते फेब्रुवारी १९५० मध्ये. भिंगाची ताकद चुकून फार जास्त झाली, रुग्णाला मोठा उणे नंबर आला. पण डोळ्याने भिंग स्वीकारले. रिडलींनी गोष्ट गुप्त ठेवली आणि १९५१ साली जाहीर केली, तर ज्येष्ठ तज्ज्ञ त्यांच्यावर तुटून पडले. डोळ्यातून वस्तू काढणे हे शल्यकाचे काम, घालणे नव्हे! मान्यता मिळायला तीसएक वर्षे गेली. १९९०च्या दशकात रिडलींनी स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत तशीच भिंगे बसवून घेतली आणि २००० साली त्यांना 'सर' किताब मिळाला.

दरम्यान १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केल्मन यांनी ध्वनिलहरींनी भिंग आतच फोडून बारीक नळीने ओढून घेण्याची युक्ती काढली. ती त्यांना दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसले असताना सुचली. मग घडी घालता येणारी भिंगे आली आणि छेद तीन मिलिमीटरच्याही खाली आला. बहुतेकदा टाका लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी येतो.

इथे मोतीबिंदू पिकण्याचा अर्थच उलटा झाला. पूर्वी पिकलेला सोपा होता. आता मऊ असलेला सोपा आहे. फार पिकला तर गर कडक होतो, तो फोडायला जास्त ताकद लागते आणि आजूबाजूच्या नाजूक थरांना धक्का पोचतो. अतिपक्व भिंग फुगून डोळ्यातला दाबही वाढवू शकते. म्हणजे आंबा पिकायची वाट बघता बघता तो सडतो. आजचा निकष वेगळा आहे: तुमच्या रोजच्या कामाला, वाचनाला, गाडी चालवायला, चालताना तोल सांभाळायला अडथळा होतो का?

थेंब घालून मोतीबिंदू विरघळतो का, असेही मला नेहमी विचारतात. भिंगाचा एक तृतीयांश भाग प्रथिने असतो आणि मधल्या गाभ्यातली प्रथिने जन्मापासून तीच असतात, बदलली जात नाहीत. सत्तर वर्षांचे ऊन, मधुमेह असेल तर साखर, काहींच्या बाबतीत स्टेरॉइडची औषधे यांनी ती हळूहळू एकमेकांना चिकटतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग पुन्हा पारदर्शक होत नाही, तसेच हे. जाहिरातीतल्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत. त्यापेक्षा टोपी आणि चांगला गॉगल घ्यावा, कारण आपल्या इथले ऊन थंड वाटले तरी उन्हाळ्यात अतिनील निर्देशांक १२च्याही वर जातो.

लंडनमधले भिंग वाईच्या किंवा वरोऱ्याच्या म्हाताऱ्या माणसापर्यंत कसे पोचले, यात आपल्या न्यूझीलंडचा हात आहे. फ्रेड हॉलोज यांचा जन्म १९२९ सालचा, डनीडिनचा. ओटागोला वैद्यक शिकून ते इंग्लंडमार्गे १९६५ मध्ये सिडनीला गेले आणि ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या डोळ्यांसाठी त्यांनी आयुष्य वेचले. नेपाळ आणि एरिट्रियात फिरताना त्यांना दिसले की श्रीमंत देशांत भिंग बसवतात आणि गरिबाला जाड चष्म्यावर वाटेला लावतात. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. हॉलोज तोंडाचे फटकळ होते. हा दुजाभाव आहे, असे ते उघड म्हणत. एका भिंगाची किंमत तेव्हा शंभर डॉलरच्या पुढे होती. १९९२ साली त्यांच्या नावाची संस्था निघाली. १९९३ मध्ये कर्करोगाने ते गेले, आणि १९९४ साली अस्मारा आणि काठमांडूला भिंगांचे कारखाने सुरू झाले. आपल्याकडे मदुराईला डॉ. वेंकटस्वामींच्या अरविंद नेत्रालयाने १९९२ मध्येच ऑरोलॅब काढली होती. या सर्वांमुळे भिंगाची किंमत दहा डॉलरच्या आसपास आली. एका प्लॅस्टिकच्या चकतीची किंमत उतरल्याने काय होते, हे कारखान्यात काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रात तोवर शिबिरांचा जमाना होता. शाळेच्या वर्गात खाटा, गावकऱ्यांचे जेवण आणि शेवटी जाड चष्म्याचे वाटप. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या कर्जाने मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सात राज्यांत झाला, त्यांत महाराष्ट्र होता. तंबूतून रुग्णालयात आणि चष्म्यावरून भिंगावर, हा बदल त्या वर्षांतला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले डॉ. तात्याराव लहाने हे नाव तर घरोघर झाले. लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला हा माणूस. १९९५ मध्ये आईने मूत्रपिंड दिले म्हणून वाचला, आणि त्यानंतर लाखाहून अधिक डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. आनंदवनात जाऊन कुष्ठरोग झालेल्यांची ऑपरेशने करायचे, हे मला त्या आकड्यापेक्षा मोठे वाटते. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

इतके सगळे आपल्या दारात होते, आणि तरी आमचे आजोबा थांबले.

आजोबा सातारा जिल्ह्यात शिक्षक होते. साठी उलटल्यावर दिसायला कमी झाले, तेव्हा कुणीतरी मोतीबिंदू म्हणून सांगितले, "कच्चा आहे, पिकू द्या." आजोबा शिस्तीचे, ते पिकू देत राहिले. समोरचे अक्षर वाचता येई, पण दाराच्या चौकटीला खांदा लागे, ताटातली उजवीकडची वाटी दिसत नसे. आम्ही हसायचो. त्यांना वाटे, पिकतोय. चार वर्षांनी आत्याने पुण्याला नेले तेव्हा कळले की मोतीबिंदू जेमतेम होता. खरा आजार काचबिंदू. नजरेच्या कडा आधीच गेल्या होत्या, मधली खिडकी तेवढी उरली होती, आणि काही वर्षांत तीही मिटली.

दोन्ही नावांत "बिंदू" आहे, पण दोहोंचा काहीच संबंध नाही. (सुश्रुताचा "काच"ही निराळा, त्याचा आजच्या काचबिंदूशी गोंधळ करू नये.) मोतीबिंदूने गेलेली नजर भिंग बदलून परत येते. काचबिंदूत डोळ्यामागची नस मरते, बहुधा डोळ्यातल्या दाबामुळे, आणि मेलेली नस कोणीही जिवंत करू शकत नाही. वेळेवर सापडला तर थेंबांनी, लेसरने किंवा शस्त्रक्रियेने तो थोपवता येतो. पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळीच्या एका उपकरणावर प्रा. अँथनी मोल्टेनो यांनी दक्षिण आफ्रिकेत सुरू केलेले काम पुढे डनीडिनलाच वाढले. पण सापडायला डोळा तपासावा लागतो, कारण तो बहुधा दुखत नाही आणि सुरुवातीला काही जाणवतही नाही.

आजोबांना ब्रेल शिकवावी असे आमच्या कुणाच्या मनात आले नाही. इथे आल्यावर वाचनात आले की क्लूथा मॅकेन्झी हे बाल्क्लूथाचे. १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत विशीत दोन्ही डोळे गेले. ऑकलंडची अंधांची संस्था त्यांनी नावारूपाला आणली, दुसऱ्या महायुद्धात डेहराडूनला अंध झालेल्या हिंदी सैनिकांसाठी काम केले आणि १९४४च्या भारतातील अंधत्वावरच्या सरकारी अहवालात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे युनेस्कोतर्फे जगभरच्या ब्रेल लिप्यांचा मेळ घालण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्याच काळात, १९५१ मध्ये, भारती ब्रेल ठरली. मराठीची ब्रेल तीच. आजोबा सत्तरीनंतर बारा वर्षे जगले, आणि आमच्या घरात पुस्तकांची दोन कपाटे होती.

आता इथली व्यवस्था. ज्यांना सरकारी उपचारांचा हक्क आहे, त्यांना रुग्णालयात मोतीबिंदूचे ऑपरेशन फुकट होते, पण नंबर गुणांवर लागतो. १९९०च्या दशकात या देशाने कुणाला आधी घ्यायचे याचे गुणांकन ठरवायला सुरुवात केली, आणि पहिल्या काही शस्त्रक्रियांत मोतीबिंदू होता. नजर किती आणि रोजच्या जगण्यात अडचण किती, याचे गुण. इथे आपली माणसे फसतात. फॉर्मवर "काही त्रास नाही, चाललंय" असे लिहितात! परक्याजवळ रडगाणे गाऊ नये, हे आपले वळण. पण रात्री गाडी चालवणे सोडले असेल, भाजी निवडताना अळी दिसत नसेल, पायरी चुकत असेल, तर ते तसेच्या तसे सांगावे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना हा हक्क सहसा नसतो. त्यांची तपासणी निघण्यापूर्वी भारतातच करून घ्यावी.

कोजागरीच्या त्या काकांना मी पुढच्याच आठवड्यात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला घेऊन गेले. फक्त नंबर नको, दाब आणि नससुद्धा बघा, असे सांगितले. काचबिंदू नव्हता. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. नाव पुढे पाठवले, पण गुण थोडे कमी पडतील असे दिसते. काका परतताना गाडीत म्हणाले, "म्हणजे पिकेपर्यंत इथेही थांबायचंच की!" यावर मला उत्तर सुचले नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचे ठरले आहे, आणि फॉर्म या वेळी काकू भरणार आहेत.

काचबिंदूवर काम करणाऱ्या इथल्या संस्थेचा सल्ला असा आहे: ४५व्या वर्षी एकदा डोळे तपासावेत, मग दर ५ वर्षांनी आणि साठीनंतर दर ३ वर्षांनी. घरात कुणाला काचबिंदू असेल तर त्याहून आधी. त्या हिशोबाने माझीही वेळ झाली आहे. पंच्याहत्तरीला गाडीचा परवाना नवा करताना वैद्यकीय दाखला लागतोच, तोवर थांबू नये.

मंडळातल्या ज्या ज्येष्ठांना तपासणीला जायचे आहे आणि मुले कामावर असतात, त्यांनी पुढच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी मला सांगावे. आम्ही चारपाच जण गाडी घेऊन येऊ. जुना चष्मा आणि चालू औषधांची यादी सोबत ठेवावी. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर काही तास धूसर दिसते, म्हणून परतताना गाडी दुसऱ्या कुणी चालवायला हवी. गॉगलही आणावा.